कापूस, अफू आणि पोटातलं मूल

१९२२ साली मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांकडे सोपवली. त्यांच्या अहवालातला एक आकडा शंभर वर्षांनीही वाचवत नाही. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायकांच्या शंभर तान्ह्या पोरांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जात होती. बाळगोळी या नावाने ती सहज मिळे. भोंगा व्हायच्या आत आई बाळाला गोळी चाटवी आणि बाळ दिवसभर गुंगीत पडून राही. भूक लागली तरी ते रडत नसे, आणि रडत नसे म्हणून त्याच्या पोटात दूधही कमी जाई.

त्या आया निर्दय नव्हत्या. पाळी दहा-अकरा तासांची, खाडा झाला की पगार कापलेला, खोलीत पाच-सहा माणसं आणि बाळाला ठेवायला पाळणाघर नाही. साच्यांच्या खडखडाटात तान्हं मूल नेण्यापेक्षा ते घरी झोपलेलं बरं, एवढाच आईचा हिशेब होता. अफूची गोळी तिच्या हातून जात होती हे खरं. पण ती गोळी तिच्या हातात कशी आली, हा प्रश्न त्या काळात फार थोड्यांनी विचारला. आजही तो फार थोडे विचारतात, म्हणून हा लेख.

मुंबईतली ती बाळं जन्मल्यानंतर अफू घेत होती. आज जगातले शास्त्रज्ञ त्याच्या एक पायरी अलीकडचा प्रश्न धरून बसले आहेत: आईच्या पोटात असतानाच मुलाला अफू किंवा तिच्या जातीची द्रव्यं मिळाली, तर त्याच्या मेंदूचं पुढे काय होतं? हेरॉइन, मॉर्फिन, खोकल्याच्या औषधातलं कोडीन, दुखण्यावरचं ट्रामाडोल ही सगळी त्याच कुळातली. आपल्याकडे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे सव्वादोन कोटी लोक या कुळातलं काही ना काही घेतात असं दिसलं. तेव्हा हा प्रश्न केवळ अमेरिकेचा म्हणून सोडून देता येत नाही.

ही द्रव्यं वारेतून सहज गर्भात उतरतात. गर्भाच्या मेंदूत त्यांना धरून ठेवणाऱ्या जागा जन्माच्या बऱ्याच आधी तयार झालेल्या असतात, कारण शरीर स्वतःही अफूसारखी द्रव्यं बनवतं आणि वाढत्या मेंदूला त्यांची गरज असते. बाहेरून आलेलं द्रव्य त्याच जागा अडवतं. मज्जातंतूंवर चढणारं मायलिनचं वेष्टन त्यामुळे वेळेआधी किंवा चुकीच्या रीतीने तयार होतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. नाळ कापली की पुरवठा तुटतो. पहिला दिवस बहुधा बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरू लागतात, रडणं किनरं आणि कर्कश होतं. बाळ दूध ओढायला धडपडतं, पण ओढणं आणि गिळणं यांचा मेळ त्याला जमत नाही. शिंका, जांभया, जुलाब सुरू होतात, ढुंगणाची कातडी लाल होऊन सोलवटते. मांडीवर घेतलं तरी ते ताठ राहतं.

हे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरतं. खरी चिंता त्यानंतरची आहे. अशा मुलांच्या मेंदूचे एमआरआय काढले तेव्हा काही अभ्यासांत मेंदूचा आकार, विशेषतः आतल्या गाभ्यांचा, थोडा लहान आढळला. शाळेच्या वयात लक्ष टिकवणं, भाषा, हालचालींवरचा ताबा या बाबतींत ही मुलं सरासरीने मागे पडतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी परीक्षांचे निकाल तपासले, तर जन्मतः ही लक्षणं असलेली मुलं मागे होती आणि वर्ग वाढत गेले तशी दरी रुंदावत गेली.

इथे थांबलं तर निकाल सोपा आहे: आईने नशा केली, मुलाने भोगलं. पण ‘सरासरीने मागे’ या दोन शब्दांच्या पोटात दडलंय काय, ते पाहायला हवं.

जेरुसलेमच्या अशेर ऑर्नॉय यांनी जे केलं ते मला या साऱ्या संशोधनातलं सर्वांत शहाणं काम वाटतं. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आयांची मुलं त्यांनी दोन गटांत पाहिली. काही त्याच घरात वाढली होती, काही तान्हेपणीच दत्तक गेली होती. पोटातला संपर्क दोघांचाही तोच. घरात राहिलेली मुलं बुद्धीच्या चाचण्यांत मागे होती. दत्तक गेलेली मात्र इतर मुलांच्या जवळपास होती, जरी चंचलपणा आणि लक्ष न लागणं त्यांच्यातही जास्त आढळलं. म्हणजे द्रव्याचा ठसा राहतो, तो नाकारता येत नाही. पण मुलाचं बरंचसं भविष्य द्रव्याने ठरत नाही. ऑर्नॉय यांनी आणखी एक गट घेतला होता, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. ज्यांचे फक्त बाप हेरॉइनच्या आहारी होते, अशी ती मुलं. पोटात असताना त्यांना काही मिळालेलं नव्हतं. तरीही ती मागे पडलेली निघाली.

बापाने काही पोटात वाढवलेलं नसतं. तरी त्याचं व्यसन मुलाच्या मेंदूपर्यंत पोचतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या बायका वर्षानुवर्षं दारूबंदीची मागणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांना हे सांगायला जेरुसलेमचा अभ्यास लागला नाही. मजुरी दुकानात जाते, घरात मार बसतो, गरोदर बाई उपाशी निजते. पोटातल्या मुलाला दारूचा थेंब न मिळताही दारू बाधते. (आणि आई स्वतः पीत असेल तर दारू गर्भाच्या मेंदूला अफूहून अधिक निश्चितपणे विकृत करते, हे १९७३ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. तरी समाजाला धाक वाटतो तो अफूचा, कारण दारूवर महसूल मिळतो.)

दुसरा धडा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. १९८०च्या दशकात तिथे कोकेनची लाट आली आणि वर्तमानपत्रांनी एक सबंध पिढी मतिमंद निपजणार असं भाकीत केलं. हॅलम हर्ट या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९८९ पासून सव्वादोनशेच्या आसपास बाळं अभ्यासाला घेतली. निम्म्यांच्या आयांनी कोकेन घेतलेलं, निम्म्यांच्या नाही, आणि सगळी त्याच गरीब वस्त्यांतली. वीसेक वर्षं त्या त्यांच्या मागे राहिल्या. दोन्ही गट एकमेकांच्या बरोबरीने चालत राहिले आणि दोन्ही देशाच्या सरासरीच्या खूप खाली राहिले. सात वर्षांच्या वयापर्यंत यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी गोळीबार ऐकला होता. पोटातल्या कोकेनपेक्षा गरिबी या मुलांना जड गेली, असं हर्ट यांनी सांगितलं. पण तोवर ‘कोकेनची पोरं’ हा शिक्का त्यांच्या कपाळी बसला होता, आणि शाळेत शिक्षकांनी त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवली नाही.

याचा अर्थ द्रव्य निरुपद्रवी आहे असा कोणी घेऊ नये. गरोदर बाईला व्यसन असेल तर ते उघडपणे, वैद्यकीय देखरेखीखाली हाताळायला हवं. एकाएकी बंद केलं तर ती पुन्हा वळते आणि मग जिवावर बेतू शकतं. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन मोजून देणं हा आज मान्य असलेला मार्ग आहे. पण त्यासाठी ती दवाखान्यात तरी यायला हवी. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २०१४ मध्ये अशा बायकांवर फौजदारी खटले भरायचा कायदा केला. बायका तपासणीलाच येईनाशा झाल्या, काही दुसऱ्या राज्यात जाऊन बाळंत झाल्या. दोन वर्षांत कायद्याची मुदत संपली आणि तो पुन्हा आणला गेला नाही. याच्या उलट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या बाळांना गुणांच्या तक्त्याने मोजून औषध देण्याऐवजी त्यांना नीट पिता येतं का, झोप लागते का आणि जवळ घेतल्यावर ती शांत होतात का, एवढंच पाहायचं असं तिथे ठरलं. आईला बाळाजवळच ठेवायचं, खोलीत अंधार आणि शांतता राखायची, अंगावर पाजायचं, छातीशी धरायचं. घरी जाण्याजोगं व्हायला जुन्या पद्धतीत सरासरी पंधरा दिवस लागत, इथे आठ. ज्या आईला आरोपी ठरवत होते, तीच उपचाराचा मोठा भाग निघाली.

हा सगळा पुरावा मला एकाच बाजूला झुकताना दिसतो. गर्भातल्या मेंदूला काय बाधलं याचं उत्तर शोधताना आईच्या वर्तनावर थांबलं की शास्त्रही अर्धं राहतं आणि न्यायही. तिच्या पोटापर्यंत विष कोणत्या रस्त्याने, कोणाच्या फायद्यासाठी आलं, इथवर जावं लागतं. आणि तसं जायचं ठरवलं, तर यवतमाळात ती वाट अफूच्या दुकानाशी पोचत नाही. ती पऱ्हाटीच्या शेतात पोचते.

यवतमाळ शहराला दारव्हा रस्त्यावर चिकटलेलं लोहारा. इथल्या एमआयडीसीत डेनिम विणलं जातं. जीनची पॅन्ट जगात कुठे कोण घालतं ते सोडा, तिच्या धाग्याचा कापूस असल्याच काळ्या रानातून निघतो. लोहाऱ्याच्या आसपास दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणी चालते. वेचणाऱ्या जवळजवळ सगळ्या बाया. कमरेला लुगड्याची किंवा जुन्या चादरीची ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांवर, आणि वेचलेला कापूस पोटाशी साठत जातो. मजुरी किलोवर, म्हणून दिवसभर वाकून. गरोदर बाईचीही ओटी तिथेच असते, थेट पोटावर. त्या बोंडांवर आठ-पंधरा दिवसांपूर्वी काय फवारलं ते तिला कोणी सांगत नाही. त्याआधी पावसाळ्यात निंदण तिनेच केलेलं असतं, फवारणीच्या ड्रमात पाणीही तिनेच भरलेलं असतं, आणि संध्याकाळी नवऱ्याचा फवाऱ्याने भिजलेला सदरा ती घरच्या इतर कपड्यांबरोबर हातानेच धुते.

२०१७ च्या पावसाळ्यात काय झालं ते जिल्हा विसरलेला नाही. बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या, पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी उंच झालेली, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शेकडो शेतकरी आणि मजूर दाखल झाले. जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली. सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण धरून पाच औषधांची विक्री पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत साठ दिवस थांबवली. जे पडले त्यांची नोंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या हंगामात ज्या बाया तीन-चार महिन्यांच्या गरोदर होत्या, त्यांची मुलं आता शाळेत आहेत. त्यांची नोंद कोणत्या वहीत आहे?

हा प्रश्न भावनेच्या भरात विचारलेला नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सगळी ऑर्गनोफॉस्फेट कुळातली. मज्जातंतूंमधला ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या काम झालं की मोडून टाकणारं एक विकर शरीरात असतं, ते ही द्रव्यं बंद पाडतात. अळी त्यानेच मरते, माणूसही त्यानेच मरतो. गर्भात याच ॲसिटिलकोलीनचं आणखी एक काम चालू असतं. कोणती पेशी कुठे जायची, कोणाशी जोडली जायची, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. त्यामुळे आईला साधी मळमळही होणार नाही इतक्या मात्रेतही बाळाच्या मेंदूच्या बांधणीत फरक पडू शकतो.

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात १९९९ पासून बर्कलेच्या संशोधकांनी मेक्सिकोतून आलेल्या शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. ज्या आयांच्या लघवीत या द्रव्यांचे अवशेष सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अवशेष असलेल्यांच्या मुलांपेक्षा सुमारे सात गुणांनी खाली होता. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या व्हर्जिनिया रॉ यांनी घरातल्या झुरळांवर मारलेल्या क्लोरपायरीफॉसचा माग काढला आणि २०१२ मध्ये चाळीस मुलांचे एमआरआय प्रसिद्ध केले; जास्त संपर्क असलेल्यांच्या मेंदूच्या सालीची जाडी जागोजागी बदललेली दिसली. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत आणि त्यांवर वाद घालणारेही आहेत. पण वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या लोकांत, वेगवेगळ्या हातांनी केलेलं काम एकाच दिशेला बोट दाखवत असेल, तर पुढच्या पुराव्याची वाट पोटातल्या मुलाने पाहावी असं म्हणता येणार नाही.

या बाबतीत आपल्या नियमांची रीत पाहा. मोनोक्रोटोफॉसच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो, म्हणजे अतिजहाल. २००५ मध्ये सरकारने ते भाजीपाल्यावर वापरायला बंदी केली. कापसावर मात्र ते चालू राहिलं, कारण कापूस कोणी खात नाही. खाणाऱ्याचं पोट धोरणाला दिसलं. वेचणाऱ्या बाईचं पोट, ज्यावर ओटी बांधलेली आहे, ते दिसलं नाही. २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मोनोक्रोटोफॉसही होतं आणि क्लोरपायरीफॉसही. तीन वर्षांनी अंतिम आदेश आला तेव्हा पूर्ण बंदी मोजक्याच औषधांपुरती उरली होती.

इथे शेतकऱ्याला आरोपी करायचा मोह होतो आणि तो टाळायलाच हवा. बीटी बियाणं अळीला पुरून उरेल असं त्याला सांगितलं होतं. गुलाबी बोंडअळीने ते खोटं पाडलं. कर्जाच्या पैशात उभं पीक डोळ्यांदेखत किडताना कृषी केंद्रातला माणूस जो डबा देईल तो तो फवारतो, कारण गावात दुसरा सल्लागार फिरकत नाही. डब्याच्या आतली घडीची माहितीपत्रिका इतक्या बारीक टायपात असते की डोळे धड असलेल्यालाही ती वाचता येत नाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था कामगंध सापळे लावा, नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच फवारा, असं सांगत आली आहे. तो सल्ला बांधावर पोचवायला माणूस लागतो. डबा पोचवायला मात्र विक्रेत्यांची अख्खी साखळी आहे.

मग मजुरीण. ‘गरोदरपणी फवारलेल्या शेतात जाऊ नका’ असं आशाताई सांगू शकते, आणि सांगतेही. बाई मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी शेतात जाते. वेचणीचे तीन-चार महिने हीच तिच्या वर्षाची कमाई. तिला फक्त सल्ला देणं म्हणजे मुंबईच्या आईला ‘बाळाला अफू देऊ नकोस’ एवढंच सांगून गिरणीत धाडणं.

त्या आईसाठी सल्ल्यापलीकडे जाणारे लोक निघाले होते. कामगारांचे प्रतिनिधी आसवले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार, निदान काही अंशी, तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकाने उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. दिवसाला आठ आणे, तेही काही आठवडेच. थोडं होतं, पण बाईच्या सवयीला हात न घालता त्याने तिच्या खाड्याला हात घातला. माझ्या मते गर्भातल्या मेंदूच्या रक्षणाचा आपल्याकडचा तो पहिला खरा कायदा होता, जरी त्यात मेंदू हा शब्द कुठेही नसेल.

तो धागा पुढे नेताना आपण मजुरीणीला वाटेत सोडलं. २०१७ मध्ये, ज्या वर्षी यवतमाळात माणसं फवारणीने पडत होती, त्याच वर्षी प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. कार्यालयात आणि कारखान्यात नोकरी असलेल्या बाईसाठी ते योग्यच झालं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला ती रजा लागू. त्याच कारखान्याला लागणारा कापूस वेचणाऱ्या बाईला काय, तर मातृवंदना योजनेतून पहिल्या खेपेला पाच हजार रुपये, हप्त्यांनी. एका हंगामाच्या वेचणीशी त्याची तुलना करून पाहा.

तिचा मालक कोण, असा प्रश्न इथे हमखास येतो. आज या शेतावर, उद्या त्या शेतावर. कोणाकडून वसूल करायचं? महाराष्ट्राने हा प्रश्न १९६९ मध्ये एकदा सोडवला आहे. माथाडी कामगारालाही एक मालक नव्हता. तेव्हा मंडळ नेमलं, कामगारांची नोंद केली आणि माल हलवून घेणाऱ्या सगळ्यांकडून मजुरीच्या प्रमाणात लेव्ही घेऊन त्यातून त्यांचे हक्क भागवले. कापसाचा प्रत्येक क्विंटल कुठल्या तरी बाजार समितीतून किंवा जिनिंगच्या फाटकातून जातोच, आणि तिथे वजन होतं, पावती फाटते. तिथेच व्यापारी आणि जिनिंगवाला यांच्याकडून क्विंटलमागे ठरावीक रक्कम घ्यावी आणि दुसरी तेवढीच कीटकनाशकाच्या प्रत्येक लिटरमागे उत्पादकाकडून. व्यापारी ती शेतकऱ्याच्या भावातून कापेल, ही भीती खरी आहे. म्हणून ती हमीभावाच्या हिशेबात खर्च म्हणून धरली गेली पाहिजे, नाहीतर गरिबाच्या एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकल्यासारखं होईल.

त्या पैशातून काय करायचं ते फार अवघड नाही. आशाताईकडे तिसऱ्या महिन्यात नाव नोंदलेल्या प्रत्येक मजुरीणीला फवारणी आणि वेचणीच्या काळात बुडालेल्या दिवसांची मजुरी मिळावी. ज्यांना काम हवंच आहे त्यांना फवारणी नसलेल्या जागी, रोपवाटिकेत किंवा अंगणवाडीच्या स्वयंपाकात, तेवढ्याच रोजाचं काम मिळावं. आणि यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाने सॅलिनाससारखी वही उघडावी: गरोदरपणी लघवीचा नमुना, आईचं हिमोग्लोबिन, घरात काय शिजतं, बाप किती पितो, आणि मूल दोन, पाच, सात वर्षांचं झाल्यावर त्याची तपासणी. तपासणीबरोबर मदतही हवी, नाहीतर फिलाडेल्फियासारखा ‘फवाऱ्याची पोरं’ हा नवा शिक्का तयार होईल. मागे पडलेल्या मुलाला बोलायला, खेळायला, लक्ष द्यायला शिकवणारी बाई अंगणवाडीत त्याच वर्षी हजर असली पाहिजे. तिचा पगारही त्याच लेव्हीतून निघावा, कापूस भरलेली गाडी फाटकातून आत जाते त्याच दिवशी.